नाव-पत्ता मागणारे पान

झाशी हे नाव कानी पडताच मराठी श्रोत्याच्या मनात राणी लक्ष्मीबाईंची मूर्ती उभी राहावी, हे स्वाभाविक आहे. ज्यांचे वाचन थोडे अधिक आहे त्यांना वरसईचे विष्णुभट गोडसेही आठवतील. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, अशी वार्ता ऐकून हा गरीब भिक्षुक कोकणातून निघाला आणि पुढे बंडाच्या धामधुमीत झाशीच्या वेढ्यात सापडला. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघाला. दूरच्या, कधी न पाहिलेल्या माणसाने दिलेले एक वचन आपल्यासारख्या घरबशा माणसाला उठवून वाटेला लावते, ही गोष्ट मला नेहमी नवलाची वाटत आली आहे. आज मी बोलणार आहे ते अशाच एका वचनाविषयी. परंतु ते राजेरजवाड्यांचे वचन नव्हे. छापील पानावर चार ओळींत दिलेले, आणि मोबदल्यात वाचकाकडे केवळ त्याचे नाव व पत्ता मागणारे असे ते वचन आहे.

झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सुमारे तीस किलोमीटरांवर, चिरगाँव नावाचे एक लहानसे गाव आहे. हिंदी काव्याच्या वाचकांना ते नाव अपरिचित नाही. राष्ट्रकवी म्हणून ज्यांचा गौरव झाला ते मैथिलीशरण गुप्त ३ ऑगस्ट १८८६ रोजी येथे जन्मले. त्यांचे धाकटे बंधू सियारामशरण हेही नामवंत कवी. 'भारत-भारती', 'साकेत', 'यशोधरा' ही मैथिलीशरणांची काव्ये उत्तर हिंदुस्थानात घरोघर वाचली गेली. १९५२ पासून १९६४ पर्यंत ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते आणि १९६४ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. एवढी माहिती कोणत्याही चरित्रकोशात सापडेल. मला सांगावयाचे आहे ते त्यांच्या पुस्तकांच्या अखेरच्या पानाविषयी.

माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीत काही वर्षे झाशीस होते. तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेत मराठी कारकुनांचा भरणा मोठा असे, आणि झाशी हे त्या रेल्वेचे मोठे ठाणे होते. पुढे आजोबांची बदली भुसावळला झाली, पण झाशीस लागलेली हिंदी वाचनाची गोडी त्यांच्याबरोबर आली. आमच्या घरच्या कपाटात 'साकेत'ची एक जुनी प्रत होती. आतल्या कोऱ्या पानावर आजोबांच्या मोडीवळणाच्या अक्षरात 'व्ही. पी. ने मागविली' एवढीच नोंद होती. पुस्तकाच्या शेवटी कवीच्या इतर ग्रंथांची यादी, प्रत्येकापुढे किंमत आणि सर्वांत खाली पत्ता: प्रबंधक, साहित्य-सदन, चिरगाँव (झाँसी).

लहानपणी त्या पत्त्याने मला मोह घातला होता. त्यात ना गल्ली होती, ना घरक्रमांक. संस्थेचे नाव, गावाचे नाव आणि कंसात जिल्हा, एवढ्यावर मुंबईपासून कलकत्त्यापर्यंतची पत्रे बरोबर त्या दारात जाऊन पडत असली पाहिजेत. काशी, प्रयाग किंवा कलकत्ता अशा मोठ्या प्रकाशनक्षेत्री न जाता या कुटुंबाने आपल्या गावीच प्रकाशन थाटले, छापखानाही तेथेच चालविला आणि गावाचे नाव देशभरच्या वाचकांना पाठ करून दिले. ज्या गावात पुस्तके विकत घेणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असावीत, तेथे बसून हजारो वाचकांपर्यंत पोचण्याचे साधन कोणते? एक टपालखाते आणि दुसरे ते अखेरचे पान.

टपालखात्याचा भाग आधी सांगतो, कारण त्यावाचून पानाचे सामर्थ्य कळावयाचे नाही. १८५४ साली पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा असा, अंतर कितीही असो, सर्व देशाला एकच दर लागू झाला. १८७७ साली व्हॅल्यू पेएबल पद्धत, म्हणजे आपल्या बोलीतली 'व्ही. पी.', सुरू झाली. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि १८८० साली मनीऑर्डर. अवघ्या सव्वीस वर्षांत घडलेल्या या चार गोष्टींनी ग्राहक आणि विक्रेता यांच्यामधले अंतर जितके कमी केले तितके आगगाडीनेही केले नसेल. खेड्यातील शाळामास्तराने पाव आणा खर्चून कार्ड टाकावे, त्यावर पुस्तकाचे नाव आणि आपला पत्ता लिहावा, आणि पंधरवड्याने टपालवाल्याने पुडके घेऊन दारात उभे राहावे. किंमत त्याच्या हाती ठेवावी, पुडके घ्यावे. पैसे टपालखाते प्रकाशकाकडे पोचते करी.

या व्यवहारात जोखीम कोणाची होती हे पाहण्यासारखे आहे. पुडके परत आले तर टपालखर्च प्रकाशकाच्या अंगावर पडे. म्हणून त्याला कार्डावरच्या नावाची खात्री हवी असे. उलटपक्षी पैसे भरल्याखेरीज पुडके उघडून पाहता येत नसे. म्हणून ग्राहकाला छापील पत्त्याची खात्री हवी असे. एकाजवळ दुसऱ्याचे नाव, दुसऱ्याजवळ पहिल्याचा पत्ता, आणि मध्ये अविश्वासाला पुष्कळ जागा. असे असूनही लाखो पुडकी देशभर फिरत राहिली. ती ज्या पानांच्या आधारे फिरली त्या पानांची घडण कशी होती, हा आपल्या साहित्याच्या आणि व्यापाराच्या इतिहासातील दुर्लक्षित प्रश्न आहे.

चिरगाँवचे पान याचा चांगला नमुना आहे. पहिली गोष्ट अशी की ते पान परक्या वाचकापुढे एकदम जाऊन उभे राहत नसे. मैथिलीशरणांची कविता 'सरस्वती' मासिकातून लोकांपुढे आली. त्या मासिकाचे संपादक महावीरप्रसाद द्विवेदी हेही झाशीच्या रेल्वे कचेरीत नोकरी केलेले गृहस्थ. त्यांना मराठी उत्तम येत असे, हे आपण अभिमानाने लक्षात ठेवावे. १९०३ साली त्यांनी 'सरस्वती'ची सूत्रे हाती घेतली आणि खडी बोलीतील कवितेला त्या मासिकाने घर मिळवून दिले. तेव्हा वाचक पुस्तकाच्या अखेरच्या पानाशी येई तो कवीची ओळख झाल्यानंतर, एक पूर्ण ग्रंथ वाचून झाल्यानंतर. ज्या मनःस्थितीत त्याने शेवटची ओळ वाचली त्याच मनःस्थितीशी ते पान पुढे बोलत असे: हे आवडले असेल तर याच हाताचे आणखी येथे आहे. मागच्या पानावर काव्य आणि पुढच्या पानावर केसांच्या तेलाची जाहिरात, असा धक्का तेथे नव्हता.

दुसरी गोष्ट, ते पान एकच काम सांगे. पुस्तक निवडा आणि लिहा. तिसरी, किंमत आधीच छापलेली असे. मागाहून कळवू असे नसे. चौथी, मागणे अगदी थोडे असे. पुस्तक पोचते करण्यास जेवढे लागते तेवढेच, म्हणजे नाव, गाव, डाकघर, जिल्हा. वाचकाचे वय काय, पगार किती, घरात माणसे किती, याच्याशी प्रबंधकांना कर्तव्य नव्हते. आणि पाचवी गोष्ट ही की उत्तर देण्याचे साधन वाचकाच्या खिशाला परवडणारे होते. पाव आण्याचे कार्ड मिळते तेथे ती चार-पाच ओळींची यादी दुकानाचे दार होऊन बसे.

ही कला चिरगाँवच्या मंडळींनी शोधून काढली असे मी म्हणत नाही. अमेरिकेत माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने १८७२ साली शेतकऱ्यांसाठी टपालाने माल पाठविण्याचा धंदा सुरू केला, तेव्हा त्याची पहिली यादी केवळ एका कागदाची होती. त्याने थोड्याच वर्षांत, माल पसंत न पडल्यास पैसे परत, अशी हमी छापली. खेड्यातील ग्राहकाच्या मनातील भीती त्याने ओळखली होती. पुढे क्लॉड हॉपकिन्स या जाहिरातशास्त्रज्ञाने १९२३ साली आपले अनुभव ग्रंथरूपाने मांडले. जाहिरातीच्या कोपऱ्यात कापून पाठविण्याचे कूपन ठेवावे, निरनिराळ्या मजकुरांच्या कूपनांवर निराळी खूण करावी, आणि कोणत्या मजकुराने किती उत्तरे आणली हे मोजावे, अशी त्याची पद्धत होती. आपल्याकडील जुन्या जाहिरातींतही पत्त्यात 'विभाग अमुक' असा एखादा आकडा आढळतो. विभाग वगैरे तेथे नसेच. पत्र कोणत्या मासिकातून आले हे ओळखण्याची ती युक्ती होती.

महाराष्ट्रात या कलेचे दोन मोठे प्रयोग झाले, आणि दोन्हींत चिरगाँवपेक्षा काही अधिक पणाला लागले होते. पहिला किर्लोस्करवाडीचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनविला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले चाळीस नांगर खपावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. ज्याला वस्तूच नको आहे त्याच्यापुढे किमतीची यादी ठेवून काय उपयोग? १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू केले. कारखान्याची आणि त्याच्या मालाची वार्ता देणे हा मूळ हेतू. तथापि त्यात वाचकाच्या उपयोगाची, त्याच्या कामधंद्याची आणि ज्ञानाची माहिती भरपूर येऊ लागली. वाचकाने आधी काही मिळविले आणि मग, मनात आले तर, काही मागविले. १९२९ साली त्या पत्राच्या नावातील 'खबर' हा शब्द गळाला. कारखान्याची खबर देण्यासाठी निघालेले पत्र महाराष्ट्रातील एक अग्रगण्य मासिक होऊन बसले, यातच त्या प्रयोगाचे यश आहे. नाव आणि पत्ता घेण्यापूर्वी काही देऊन ठेवावे, हा धडा किर्लोस्करवाडीने घालून दिला.

दुसरा प्रयोग डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा. अमेरिकेतून विद्या संपादून आलेल्या या विद्वानाने मराठीत ज्ञानकोश करण्याचे मनात घेतले. पैसा सरकारचा नाही, संस्थानिकाचा नाही. नागपुरास मंडळ स्थापून आणि पुढे पुण्यास कार्यालय थाटून त्यांनी तो भागीदारांच्या आणि वर्गणीदारांच्या बळावर उभा करावयाचे ठरविले. येथे वचनाचे स्वरूपच निराळे आहे. चिरगाँवच्या यादीतील पुस्तक तयार असे. कार्ड पोचताच ते निघे. ज्ञानकोशाच्या वर्गणीदाराला जे दाखवले जात होते ते अजून लिहिलेच गेलेले नव्हते. पत्रकातील मजकूर वाचून कोठल्यातरी तालुक्याच्या वकिलाने किंवा शिक्षकाने आपले नाव नोंदवावे, आणि केतकरांनी त्या नावाला जागावे. त्यांनी ते केले. १९२० नंतरच्या दशकात तेवीस विभाग छापून पुरे झाले. हे काम करताना काय काय सोसावे लागले याचा वृत्तांत त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या ग्रंथात दिला आहे. त्या काळी आगाऊ वर्गणी घेऊन निघालेल्या आणि चार अंकांनी बंद पडलेल्या मालिका थोड्या नव्हत्या. त्या पार्श्वभूमीवर केतकरांच्या नोंदवहीतील प्रत्येक नाव म्हणजे त्यांच्या डोक्यावरचे कर्ज होते, आणि ते त्यांनी फेडले.

येथवर मी जे सांगितले त्यावरून असा ग्रह होण्याचा संभव आहे की, पान नीट आखले, वचन एक ठेवले, मागणे थोडे ठेवले, उत्तराची वाट सोपी केली, म्हणजे काम झाले. मलाही दीर्घकाळ असेच वाटत होते. परंतु माझ्या बाळपणीची एक गोष्ट या समजुतीच्या आड येते, ती सांगणे भाग आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी, मी अकरा-बारा वर्षांचा असताना, एका साप्ताहिकात नऊ घरांचा एक चौकोन छापून आला. आडवी, उभी, तिरपी कशीही बेरीज केली तरी १५ यावेत असे आकडे भरा आणि रेडिओ मिळवा, असे त्यावर लिहिले होते. खाली नाव-पत्त्याच्या चार ओळी होत्या आणि ते कापून पाकिटात घालावयाचे होते. मी मध्यभागी ५ घातले, चौकोन सोडविला आणि पाठविला. आठ दिवसांत अभिनंदनाचे छापील पत्र आले. रेडिओ बक्षीस म्हणून सवलतीत मिळणार होता. केवळ दोनशे सत्तर रुपये टपालवाल्यास द्यावयाचे. आईने शिवणकामातून जमविलेले पैसे डब्यातून काढून दिले. पुडके आले. आत प्लॅस्टिकची एक पोकळ पेटी होती आणि वजनासाठी घातलेला विटेचा तुकडा.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते रागावतील म्हणून मी माडीवर लपून बसलो होतो. त्यांनी मला हाक मारून खाली बोलाविले, ती मूळची जाहिरात मागून घेतली आणि चष्मा लावून शांतपणे दोनदा वाचली. मग म्हणाले, "पान चांगलं लिहिलंय रे. माणूस खोटा आहे." एवढे बोलून त्यांनी तो कागद घडी घालून कपाटातल्या 'साकेत'मध्ये ठेवला. आईने रिकामा डबा फडताळात परत ठेवला. ती काही बोलली नाही. ते मला अद्याप बोचते.

पुढे कित्येक वर्षांनी ते पुस्तक उघडले तेव्हा दोन पाने माझ्यासमोर शेजारी शेजारी आली. एक चिरगाँवचे, एक त्या बक्षीसवाल्याचे. घडणीच्या दृष्टीने पाहता दुसरे अधिक सरस होते हे मला कबूल केले पाहिजे. त्यात वचन एकच होते. मागणे थोडे होते. उत्तर सोपे होते. शिवाय वाचकाला काही करावयास लावून, त्याच्या बुद्धीला गोंजारून, त्याला पुढे ओढण्याची युक्ती होती. एक उणीव होती, ती मुलाला न दिसणारी: किंमत पहिल्या पानावर नव्हती, ती नाव हाती आल्यानंतर दुसऱ्या पत्रात आली. नाव आधी आणि किंमत मागाहून, हा क्रम कोठे दिसला की सावध व्हावे, हे मी त्या विटेच्या तुकड्याकडून शिकलो.

परंतु खरे नुकसान दोनशे सत्तर रुपयांचे नव्हते. त्यानंतर आमच्या घरी व्ही. पी. घेणे बंद झाले. त्याच वर्षी वडिलांनीच पूर्वी मागविलेले एका चांगल्या प्रकाशकाचे पुडके दारातून परत गेले. त्या प्रकाशकाचा अपराध काय? ज्या विश्वासावर आजोबांनी भुसावळहून चिरगाँवला कार्ड टाकले, तो विश्वास कोणा एका दुकानदाराच्या मालकीचा नव्हता. टपालवाला, छापील पत्ता आणि प्रामाणिक प्रकाशक यांनी मिळून तो पिढ्या दोन पिढ्या साठविला होता. बक्षीसवाल्याने त्यातून उचल केली आणि हप्ते फेडण्याचे काम इतरांवर टाकले. गावातल्या सार्वजनिक विहिरीत कोणी घाण टाकली तर पाणी सगळ्यांचेच जाते, तसे हे आहे.

आता आजच्या काळाकडे वळतो. व्ही. पी. च्या पुडक्यांची सद्दी संपली. आजचा वाचक भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एखादी जाहिरात पाहतो, तीवर बोट ठेवतो, आणि एका पानावर येऊन उतरतो. त्या धंद्यातील लोक त्याला 'लँडिंग पेज' म्हणतात. आपण उतारपान म्हणावयास हरकत नाही, कारण जाहिरातीच्या गाडीतून आलेला उतारू तेथे उतरतो. तेथे घर, शिकवणी, विमा, कर्ज अशा कशाचे तरी वचन असते आणि खाली नाव व दूरध्वनी क्रमांक यांसाठी रिकामे चौकोन असतात. असे मिळालेले नाव म्हणजे 'लीड'. ती मोजली जाते, आणि अनेकदा विकलीही जाते. हॉपकिन्सचे कूपन आणि 'विभाग अमुक' हेच येथे नव्या वेषात आले आहेत. एकाच पानाच्या दोन आवृत्त्या निरनिराळ्या लोकांना दाखवून कोणतीला अधिक नावे मिळाली हे पाहण्याची पद्धतही जुनीच आहे. पूर्वी तिला महिने लागत, आता तास लागतात.

चांगल्या उतारपानाचे नियम विचाराल तर चिरगाँवच्या अखेरच्या पानाहून फारसे निराळे सांगता येणार नाहीत. जाहिरातीत जे बोलला तेच पानाच्या मथळ्यावर बोला. एका पानावर एकच विनंती करा. किंमत किंवा अट लपवू नका. वचन पुरे करण्यास जेवढे लागते तेवढेच विचारा. उत्तर आल्यावर विलंब न लावता जे कबूल केले ते पाठवा. यातील चौथ्या नियमाविषयी एका सरकारी नोकराने अधिकाराने बोलावे असा माझा अनुभव आहे. एका योजनेच्या अर्जाचा नमुना मी स्वतः तयार केला होता. पुढे कधी लागेल म्हणून एकेक रकाना वाढवीत गेलो, आणि छापून आला तेव्हा अर्ज चार पानांचा झाला होता. अर्ज फारच थोडे आले. चौकशी केली तेव्हा एका वृद्ध बाईंनी मला विचारले, "साहेब, शिलाई यंत्र द्यायचंय, तर माझ्या सासऱ्याचं शिक्षण कशाला हवं?" मला उत्तर देता आले नाही. दुसरा नमुना एका पानाचा केला. जी माहिती मी केवळ मागता येते म्हणून मागत होतो, तिची मला कधीच गरज पडली नाही.

संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले, आणि अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. त्यातील तत्त्वे मी वाचली तेव्हा ती मला ओळखीची वाटली. माहिती कशासाठी हवी हे आधी स्पष्ट सांगावे. संमती मोकळेपणाने, समजून आणि त्या विशिष्ट कामापुरती दिलेली असावी. ती देणे जितके सोपे तितकेच ती परत घेणेही सोपे असावे. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असावी. म्हणजे भुसावळच्या माणसाला ती मराठीत आणि चिरगाँवच्या माणसाला हिंदीत वाचता यावी. कायद्यात एक उदाहरणही दिले आहे. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या सेवेने रुग्णाच्या भ्रमणध्वनीतील सगळ्या ओळखीच्या माणसांची यादी मागितली आणि त्याने होकार दिला, तरी ती यादी सल्ल्यासाठी आवश्यक नसल्यामुळे तो होकार तेवढ्या भागापुरता लागू होत नाही. माझ्या अर्जातील सासऱ्याच्या शिक्षणाचा रकानाही याच जातीचा होता.

कायदा आपले काम करील. तरीही कायद्याची नजर पोचत नाही अशी एक जागा उरतेच. पान लिहिणाऱ्याने समोरचे नाव कोणत्या भावनेने हाती घ्यावे, हे कोणत्याही कलमात बसत नाही. कोणा अनोळखी माणसाने आपल्या हस्ताक्षरात नाव-गाव लिहून आपल्याकडे पाठविले, तर त्याने आपल्या घराचा पत्ता सांगितला आहे. आपल्या संस्कृतीत दाराशी आलेल्याला पाणी विचारण्याची रीत आहे, आणि ज्याने आपल्याला घर दाखवले त्याच्या घरी चोरी करणे हे सर्वांत हीन मानले जाते. बक्षीसवाल्याचे पान आणि चिरगाँवचे पान यांत घडणीचा फरक थोडा होता. हा फरक मोठा होता, आणि तो पानावर कोठेच छापलेला नव्हता.

'साकेत'ची ती प्रत आता माझ्या कपाटात आहे. दादांनी ठेवलेला नऊ घरांचा चौकोन अजून तिच्यातच आहे, पिवळा पडलेला. मध्यंतरी एका विभागाच्या संकेतस्थळासाठी नागरिकांनी नावे नोंदवावीत असे एक पान तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी बरोबर काम करणाऱ्या तरुण मंडळींना ती दोन्ही पाने दाखविली. त्यांनी आधी चौकोनाचे कौतुक केले. मग मी त्यांना पुढची हकीकत सांगितली. त्यानंतर त्यांतील एका मुलीने आमच्या मसुद्यातील तीन रकाने स्वतःहून खोडले आणि विचारले, "सर, नोंदणी केल्यावर त्यांना उत्तर किती दिवसांत जाईल? ते इथे लिहू या का?" आम्ही ते लिहिले: सात दिवस. ते सात दिवस पाळणे हे आता आमचे काम आहे.